खान्देशच्या पावसात वापरलेला अमेरिकन फुटबॉलचा बॉल, आणि त्यामुळे कळायला लागलेले एनएफएलचे कॅम्प

सरळ मुद्द्यावर येते. हा बॉल कंपोझिट लेदरचा आहे, म्हणजे खरं चामडं नाही, वरून दाणेदार सिंथेटिक थर आणि आत ब्लॅडर (हवेची पिशवी), ऑनलाइन घेतला, किंमत बाराशेच्या आसपास, आणि जळगावात भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर चांगला रगडून झालाय. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अगदी असेच बॉल वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं. घ्यावा का? तुम्ही एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, ट्रेनिंग कॅम्पच्या (सीझनआधीच्या सराव शिबिरांच्या) बातम्या वाचत असाल, प्रीसीझनसाठी (सीझनआधीच्या सराव मॅचसाठी) पहाटे उठत असाल तर नक्की घ्या. मी तर म्हणेन जुलैचा कॅम्प सुरू व्हायच्या आधी घरात हवाच, का ते पुढे सांगते.

आधी साइज, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. लिस्टिंगवर ऑफिशियल साइज लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मोठ्या माणसांचा बॉल. एनएफएलच्या नियमात तो ११ ते सव्वाअकरा इंच लांब आणि १४ ते १५ औंस वजनाचा लागतो, म्हणजे साधारण ४०० ते ४२५ ग्रॅम. क्रिकेटचा बॉल १६० ग्रॅमच्या आत-बाहेर असतो, तेव्हा अडीच लेदर बॉल एकदम फेकतोय एवढं वजन खांद्यावर येतं, पहिल्या आठवड्यात दंड दुखतो आणि ते नॉर्मल आहे. ऑफिशियलच्या खाली यूथ, ज्युनियर आणि पीवी अशी मापं येतात, यूथ साधारण १२ ते १४ वर्षांच्या पोरांसाठी, ज्युनियर ९ ते १२ आणि पीवी त्याहून लहानांसाठी. मी ऑफिशियल आणि ज्युनियर असे दोन्ही घेतले कारण घरात भाऊ पण खेळणार होता आणि भाचा पण. आणि खरं सांगू का, माझ्या हाताला ज्युनियरच जास्त बसतो, बोटं लेसच्या (बॉलवरच्या दोरीच्या शिलाईच्या) वरपर्यंत नीट जातात आणि बॉल फिरत जातो, डगमगत नाही. बायकांनी आणि शाळेतल्या पोरांनी ऑफिशियलच्या नादी लागू नये, स्पायरल (बॉल स्वतःभोवती फिरत सरळ जाणं) एकदा जमला की मग मोठा घ्या.

आमच्या कॉलनीतल्या पोरांनी त्याचं नाव पपई ठेवलंय. शहाद्याकडून एक पाहुणा पोरगा आला होता त्याने ठेवलं, ते टिकलंच.

ग्रिप छान आहे, कोरड्या हाताला तर फारच छान. खऱ्या बॉलशी तुलना करायचीच तर एनएफएलचा बॉल विल्सन कंपनी १९४१ पासून बनवतेय, ओहायोमधल्या एडा नावाच्या छोट्या गावात, चामडं शिकागोच्या हॉर्विन टॅनरीचं, चार तुकडे शिवून उलटा करतात मग आत ब्लॅडर घालून लेस ओवतात. त्याला द ड्यूक म्हणतात आणि त्यावर पांढरे पट्टे नसतात, माझ्या बॉलवर आहेत, पट्टे हा कॉलेज फुटबॉलचा प्रकार. ड्यूकचं चामडं वापरता वापरता मऊ होतं आणि हाताला चिकटायला लागतं, कंपोझिटमध्ये ते होत नाही, तो पहिल्या दिवशी जसा तसाच राहतो आणि मग हळूहळू गुळगुळीत होतो. पण आपल्याकडच्या पावसात चामड्याचा बॉल नेणं म्हणजे पैसे चिखलात घालणं, तेव्हा इथे कंपोझिटच बरोबर, यात मला काही शंका नाही.

चिखलाचं सांगते. सागर पार्कवर पाऊस पडून गेल्यावर जी माती होते ती खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, चपलेला अर्धा किलो लागते. तीच माती बॉलच्या दाण्यांमध्ये आणि लेसच्या खाली जाऊन बसते. मी ओल्या फडक्याने पुसते, लेसखालची जुन्या टूथब्रशने काढते, आणि सावलीत वाळवते, उन्हात अजिबात नाही. एवढं केलं तर काही होत नाही, शिलाई एका टोकाला थोडी उसवल्यासारखी दिसतेय पण हवा धरून आहे.

हवेवर थोडं जास्त लिहिते कारण इथेच बहुतेक बॉल मरतात. नियमाने साडेबारा ते साडेतेरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पाहिजे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टायरसाठी असतो, मोटारसायकलच्या टायरला तीसच्या आसपास भरायची त्याच्या हाताला सवय, त्यामुळे दुकानात गेलात तर आकडा आधी सांगा आणि बाजूला उभे राहा, नाहीतर हातपंप आणि काट्याचा छोटा गेज घरी ठेवा, मी तेच करते. दुसरं म्हणजे ऊन. बॉलमधली हवा दहा अंशांनी तापली की साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी तेरा भरून स्कूटीच्या डिकीत टाकला आणि दुपारी काढला तर तो दगड झालेला असतो, आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा तर डिकीत ठेवूच नका. अमेरिकेत याच्या बरोबर उलटी भानगड झालेली, जानेवारी २०१५ मध्ये पेट्रियट्स आणि कोल्ट्सच्या मॅचमध्ये पेट्रियट्सचे बॉल मोजल्यावर साडेबाराच्या खाली निघाले, थंडीने उतरले की मुद्दाम उतरवले यावर दीड वर्ष कोर्टकचेरी चालली आणि त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडीला २०१६ च्या सीझनच्या सुरुवातीला चार मॅच बाहेर बसावं लागलं. एक-दोन पीएसआयचा हाताला किती फरक पडतो ते मला बॉल घेतल्यावर समजलं, थोडा नरम बॉल पकडायला खरंच सोपा जातो.

आता कॅम्प. मी आधी कॅम्पच्या बातम्या नुसत्या नावांसाठी वाचायचे, कोण पहिल्या टीमबरोबर पळाला, कोणाला किती रेप्स (सरावात खेळायच्या संधी) मिळाले, कोण जखमी. जुलैच्या शेवटी ३२ टीमचे कॅम्प सुरू होतात, प्रत्येकाकडे ९० खेळाडू आणि ऑगस्टच्या शेवटी त्यातले ५३ ठेवायचे. २०२३ पासून तर मधले टप्पेच काढून टाकलेत, एकाच मुदतीत ९० चे ५३. म्हणजे हजाराच्या वर पोरं एकदम मोकळी होतात, त्यातल्या काहींना १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये (सरावापुरत्या राखीव टीममध्ये) जागा मिळते, बाकीचे घरी. हे आकडे मला माहीत होते पण तो माणूस नेमका कशामुळे घरी जातो ते बॉल हातात आल्याशिवाय कळलं नाही.

उदाहरण देते, स्नॅप. सेंटर, म्हणजे रांगेच्या मधला खेळाडू, पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅकला देतो, टीव्हीवर बघताना ते दिसतसुद्धा नाही इतकं साधं वाटतं. आम्ही मैदानावर करून बघितलं, शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरच्या मागे पाच यार्डांवर उभं राहून, आणि बॉल ओला असताना निम्मे स्नॅप डोक्यावरून किंवा पायात. त्यानंतर कॅम्पच्या रिपोर्टमध्ये नवीन सेंटरचे स्नॅप खराब जातायत असं एक वाक्य आलं की मी तिथे थांबते, कारण तेवढ्यावरून त्याची जागा जाऊ शकते. काही कोच मुद्दाम बॉल पाण्यात बुडवून प्रॅक्टिस घेतात, आपल्याला ती सोय श्रावणात फुकट आहे, करा.

तसंच बॉल धरून पळणं. पाच ठिकाणी दाब पाहिजे असं शिकवतात, बोटांची टोकं, तळवा, कोपराखालचा हात, दंड आणि छाती, बॉलचं टोक वर आणि अंगाला चिकटून. शिकागो बेअर्सचा चार्ल्स टिलमन मागून येऊन बरोबर बॉलवर बुक्की मारायचा, त्याला पीनट पंच म्हणतात, आता तो सगळेच शिकतात आणि कॅम्पमध्ये रनिंग बॅकना (बॉल घेऊन पळणाऱ्यांना) दोन्ही बाजूंनी लोक बुक्क्या मारत असतात. आम्ही कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाच्या) रविवारी हाच खेळ केला, धुळे, शिरपूरकडचे सगळे भाऊबंद रोटांसाठी (कानबाईच्या प्रसादासाठी) घरी जमलेले, मागच्या गल्लीत बॉल घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी बुक्की मारून पाडायचा, मामेभाऊ ओरडतोय काय फेकी राहिना भो! आणि शेतात काम केलेल्या हातांनी बॉल सुटता सुटत नव्हता. त्या दिवशी कंपोझिटच्या ग्रिपची खरी परीक्षा झाली, वीस वेगवेगळे हात, घाम, आणि बॉल पास.

प्रीसीझनच्या मॅच आता तीनच असतात, २०२१ मध्ये सीझन १७ मॅचचा झाला तेव्हापासून, आणि बरेच मोठे खेळाडू त्यात उतरतच नाहीत. म्हणून लोक म्हणतात बघण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. २०२५ मध्ये राखीच्या दिवशी पहाटे ब्राउन्सचा शेडूर सँडर्स पँथर्सविरुद्ध पहिल्यांदा उतरला, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पाचव्या राउंडला निवडलेला पोरगा, कॅम्पमध्ये चार क्वार्टरबॅकांच्या रांगेत, आणि त्याने २३ पैकी १४ पास पूर्ण केले, १३८ यार्ड, दोन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं). दुसऱ्याच पहाटे जॅग्वार्सच्या कॅम लिटलने स्टीलर्सविरुद्ध ७० यार्डांचा फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून पाठवणं) मारला! ७० यार्ड म्हणजे ६४ मीटर, क्रिकेटच्या कितीतरी मैदानांची बाउंड्री तेवढी नसते. प्रीसीझन म्हणून तो रेकॉर्डमध्ये धरला नाही, तेव्हाचा रेकॉर्ड जस्टिन टकरचा ६६ यार्ड, २०२१ चा. २०२५ मध्येच किकिंगच्या बॉलचा नियमही बदललेला, आधी ते बॉल मॅचच्या दिवशी थोड्या वेळासाठी घासायला मिळायचे, आता टीमना सीझनच्या आधीच मिळतात आणि ते नीट घासून मऊ करून ठेवतात. घासलेल्या बॉलने काय होतं ते मला दाखवता येणार नाही कारण कंपोझिट घासून मऊ होत नाही, पण या बॉलला लाथ मारताना पाय चांगला सणकतो एवढं सांगते, पोरांना अनवाणी मारू देऊ नका. किकिंग टी (बॉल उभा ठेवायचं छोटं स्टँड) बॉलसोबत मिळत नाही, कोणीतरी बॉलच्या वरच्या टोकावर एक बोट ठेवून धरायचा.

आणि क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. ज्यांना प्रीसीझन फालतू वाटतो त्यांना मी हेच नाव सांगते. १९९४ मध्ये पॅकर्सच्या कॅम्पमधून काढला, मग आयोवात किराणा स्टोअरमध्ये रात्री शेल्फं भरायचा, मग इनडोअर फुटबॉल, मग ॲमस्टरडॅमची टीम. १९९९ च्या प्रीसीझनमध्ये रॅम्सच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला म्हणून याला उतरवलं, तो त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि जानेवारी २००० मध्ये टायटन्सला २३-१६ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. असा माणूस ऑगस्टच्या मॅचच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये कुठेतरी उभा असू शकतो, म्हणून मी शेवटपर्यंत बघते, दूधवाला येऊन गेला तरी.

विक्रेत्याबद्दल दोन गोष्टी. फोटोत पंप आणि सुई दोन्ही दाखवलेले, डब्यात फक्त पंप आला, मेसेज केला तर चार दिवस उत्तर नाही आणि मग स्टॉक संपला म्हणून सांगितलं. हे चुकीचं आहे, ज्याच्या गावात स्पोर्ट्सचं दुकान नाही त्याने काय करायचं? सुदैवाने साध्या फुटबॉल, बास्केटबॉलची सुई यालाही लागते, ती जळगावात कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळते, घालताना थोडं तेल किंवा थुंकी लावा, कोरडी घातली तर वॉल्व्ह फाटतो. दुसरं, बॉल चपटा करून पाठवतात, पहिल्यांदा हवा भरल्यावर एका बाजूला पोक दिसतं, घाबरू नका, रात्रभर भरलेला ठेवा, जातं. नाही गेलं तर परत करा.

कोणासाठी नाही तेही लिहिते. नुसतं हातात धरून फोटो काढायचा असेल तर स्वस्तातला रबरी घ्या. पॅड घालून टॅकलचा (एकमेकांना धरून पाडायचा) फुटबॉल खेळायचा विचार असेल तर बॉलच्या आधी हेल्मेट, कोच आणि डॉक्टर बघा, एनएफएलचे प्रोफेशनल सुद्धा कॅम्पचे पहिले दिवस पॅडशिवाय काढतात, शरीराला उन्हाची आणि मेहनतीची सवय व्हावी म्हणून, आणि बऱ्याच जणांच्या हेल्मेटवर वरून मऊ गार्डियन कॅप असते. २००१ मध्ये व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर कॅम्पमध्ये उष्माघाताने गेला, सत्तावीस वर्षांचा होता. आपल्या गावांना ऊन काय असतं ते माहितीय, तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपारी मैदानावर कोणी नेऊ नये, कितीही हौस असली तरी.

फ्लॅग फुटबॉल मात्र जरूर खेळा, कमरेला पट्टी बांधायची आणि ती ओढली की थांबायचं, धक्काबुक्की नाही, मुलींनाही घेता येतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्हीत तो आहे, पाच-पाच जणांची टीम, आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच झाला, क्रिकेटबरोबरच. आमच्याकडे पाच मुली तयार आहेत, पट्ट्या जुन्या ओढण्यांच्या केल्यात. त्यांच्यासाठी यूथ साइजचा एक अजून मागवतेय, यावेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून, आणि सुई वेगळी.