भिंगवाली किड्यांची डबी, सातवीच्या वर्गात चार महिने वापरून

ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. अनुकूलन (परिस्थितीशी जुळवून घेणं) आणि अधिवास (सजीव राहतो ती जागा) हे दोन शब्द मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, दरवर्षी तेच, म्हणून यंदा जूनमध्ये स्टेशनजवळच्या एका दुकानातून भिंगाच्या सहा डब्या घेतल्या. पारदर्शक प्लास्टिक, झाकणातच भिंग, तळाला चौकटी आखलेल्या. एकीचे १५० रुपये पडले.

सगळ्यात जास्त कामाला आल्या त्या डासांच्या अळ्यांसाठी. पावसाळ्यात मुलांना म्हटलं घरात कुंडीखालची ताटली, पिंप, गॅलरीतली बादली बघा आणि अळ्या दिसल्या तर बाटलीत घट्ट झाकण लावून आणा. पाणी डबीत ओतलं की अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकतात आणि शेपटीकडची श्वासाची नळी वर लावून हवा घेतात. पण हे बाजूने बघायचं असतं, वरच्या भिंगातून नीट कळत नाही, शिवाय वाफ धरते, म्हणून आम्ही झाकण काढून हातात धरून भिंगासारखं वापरलं आणि एकदम स्पष्ट दिसलं. डेंग्यूवाल्या एडिसच्या अळ्या अशा लटकतात, मलेरियावाल्या ॲनोफिलिसला ती नळीच नसते म्हणून त्या पाण्याला समांतर आडव्या राहतात. एका मुलीने स्वतःहून विचारलं, "बाई, मग पाण्यावर तेल टाकलं तर ह्यांना श्वास घेता येणार नाही ना?" त्या दिवशी पुस्तक उघडावंच लागलं नाही. नंतर ते पाणी कोरड्या मातीवर ओतून दिलं.

आता जिथे डबी कमी पडते ते सांगते. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या होत्या, लहान असताना त्या तपकिरी-पांढऱ्या असतात, हुबेहूब पक्ष्याची शीट. एका मुलाने हातच लावला नाही, म्हणाला "बाई, ही तर चिमणीची शी आहे". म्हणजे पक्षी फसतो तसाच तो फसला! तीच अळी डबीत टाकली तर स्वच्छ प्लास्टिकवर नुसती एक अळी, ती कुणाला फसवतेय आणि कशासाठी हे काहीच दिसेना. पानावर परत ठेवली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. आंब्यावरच्या लाल मुंग्यांचंही तेच, मुंगी डबीत दिसते पण त्या आपल्याच पिल्लांच्या रेशमाने पानं शिवून घर करतात ते झाडाखाली मान वर करून उभं राहिल्याशिवाय कसं दिसणार.

म्हणून आता आमचा नियम असा की आधी जिथे किडा आहे तिथे पाच मिनिटं बघायचं, वहीत झाड आणि जागा लिहायची, मग दोन मिनिटं डबी आणि परत त्याच पानावर सोडायचं. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला नेलं तेव्हा डब्या शाळेतच ठेवल्या. तिथे फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडं लावलेली आहेत, त्यामुळे कोण कुठल्या झाडावर अंडी घालतं हे बोलता येतं. अळी असताना ईश्वरीची वेल खाऊन कॉमन रोझ फुलपाखरू विषारी होतं आणि कॉमन मॉर्मनच्या काही माद्या बिनविषारी असून त्याच्यासारखा रंग घेतात हे ऐकल्यावर मुलं कढीपत्त्याच्या कुंडीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

बाकी प्लास्टिकवर ओरखडे लवकर पडतात, ओढणीने पुसू नका, मऊ ओलं कापड घ्या. झाकणाची भोकं मोठी आहेत, बारीक मुंग्या निघून जातात. एक डबी बाकावरून पडून तडकली. तळाच्या चौकटी मात्र फार उपयोगी, मुलं रोज अळीची लांबी मोजून लिहितात. अजून चार घेणार आहे, पाच मुलांत एक डबी पुरते, त्यापेक्षा जास्त मुलं असली की भांडणं होतात.