आधी कशाला हात घालायचा: गाडी, ताट की विजेचं बटण?

कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारे तापमान वाढवणारे वायू, कमी करायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. मग कापडी पिशवी, मग मोबाइलचा चार्जर. पण किलोत मोजायला बसलं की हा क्रम पार उलटा होतो.

गाडीचा हिशेब सर्वांत सोपा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग २.३ किलो कुठून? जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, त्याचं हे वजन.) रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४०० लिटर पेट्रोल, म्हणजे ९२० किलो वायू. ऑफिसातल्या कुणाला बरोबर घेतलं आणि त्याची गाडी घरी राहिली, तर हे ओझं निम्मं होतं. इलेक्ट्रिक गाडीबद्दल मात्र थोडं सबुरीनं घ्यावं. तिची बॅटरी बनवतानाच बरंच उत्सर्जन होऊन गेलेलं असतं. रोज लांब पल्ला असेल तर ते भरून निघतं, आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला तितकी घाई नाही.

विमान त्याहून जड. २०१७ च्या एका अभ्यासात अटलांटिकपारच्या एका परतीच्या प्रवासाचे माणशी १.६ टन धरले आहेत. वरच्या गाडीचं जवळजवळ पावणेदोन वर्षांचं पेट्रोल!

आता दिवे. ६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण किलोभर वायू पडतो, म्हणजे ९३ किलो. गाडीच्या एक दशांश. फक्त हे काम एकदाच करायचं आणि विसरायचं, ही त्याची जमेची बाजू. चार्जरचं तसंही नाही. मोबाइल एकदा चार्ज व्हायला जेमतेम ०.०२ युनिट लागतं, तर १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.४४. खरी वीज खाते ती उष्णता: गीझर, हीटर आणि उलट दिशेनं एसी. सौर वॉटर हीटर बसवणं शक्य असेल तर बल्ब मोजण्यापेक्षा तेच आधी करावं.

ताटाबाबत एक गैरसमज पक्का बसलाय, की लांबून आलेलं अन्न तेवढं वाईट. विमानानं आलेला माल सोडला, तर वाहतुकीचा वाटा बहुधा छोटाच असतो. गाय, मेंढी असे रवंथ करणारे प्राणी मिथेन सोडतात आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट तरी भारी पडतो. म्हणून गोमांस आणि मटण वरच्या टोकाला, कोंबडी खूप खाली, डाळी त्याहून खाली. शाकाहारी माणसानं लगेच हुरळून जाऊ नये. दूध आणि चीज त्याच जनावराचं.

पिशवीचं काय? डेन्मार्कमधल्या २०१८ च्या अभ्यासानुसार हवामानापुरतं पाहिलं तरी सुती पिशवी प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीची बरोबरी करायला ५२ वेळा वापरावी लागते. घरात आहे तीच वापरा, नवी घेऊ नका.

गाडी रोज काढत असाल तर तिथूनच सुरुवात करा. गाडी नाही, पण वर्षाला विमान ठरलेलं, तर एक फेरी गाळून पाहा. दोन्ही नसतील तर गीझर आणि ताट बघा, आणि चार्जरची काळजी सोडून द्या.