जुनी पार्कर दुनळी घेताय? कारखान्याचं पत्र विक्रेत्याकडून घेऊ नका

अमेरिकेतल्या गन शोमध्ये (बंदुकांच्या मेळाव्यात) किंवा लिलावात जुनी पार्कर, एल. सी. स्मिथ किंवा फॉक्स दुनळी घ्यायचा विचार असेल, तर आधी एक गोष्ट ठरवा: त्या बंदुकीचा जन्मदाखला, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून मिळणारं पत्र, विक्रेत्याच्या हातून घ्यायचा नाही, आपण स्वतः मागवायचा. माझे सात हजार डॉलर एका कागदाच्या झेरॉक्सवर गेले. तोच डाव आता माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका संग्राहकावर टाकला गेलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पार्कर ब्रदर्सचा कारखाना कनेटिकटमधल्या मेरिडन गावात होता. 1934 मध्ये तो रेमिंग्टन या बंदूक कंपनीने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या दुनळ्या बनायच्या थांबल्या. एकूण साधारण 2,42,000 बंदुका झाल्या. त्यांत 12 गेजच्या भरपूर (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद). 20 गेजच्या बऱ्याच कमी, आणि 28 गेज तर हाती लागणं कठीण. शिवाय प्रत्येकीचा दर्जा ठरलेला. ट्रोजन सगळ्यात साधी, मग व्हीएच, जीएच, डीएच, सीएच असं वर चढत जायचं. यांत्रिक भाग बहुतेक सारखेच. फरक कोरीवकामाचा, लाकडाचा, नळीच्या पोलादाचा. किंमत मात्र पायरीगणिक उड्या मारते. म्हणजे साध्या व्हीएचवर एखाद्या तरबेज कोरक्याने कुत्रे आणि पक्षी कोरले, नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं 'व्हल्कन स्टील' घासून 'टायटॅनिक स्टील' केलं, दस्ता बदलला, की ती डीएच म्हणून टेबलावर ठेवता येते. या धंद्यात याला 'अपग्रेड' म्हणतात. सांगून केलं तर त्यात काही गैर नाही. न सांगता विकलं तर ती सरळसरळ चोरी आहे.

माझी बंदूक एका लहान काउंटी मेळाव्यातल्या टेबलावर होती. 20 गेज, 26 इंची नळ्या, डीएच. विक्रेता वयस्कर, मृदू बोलणारा. शेजारच्या एका विधवेच्या घरातला माल, तिला पैशाची नड आहे, आणखी एक गिऱ्हाईक दुपारी पैसे घेऊन येतंय, असं त्याचं सांगणं. मी नळ्या उतरवून पाहिल्या. नळ्यांवरचा, अॅक्शनवरचा (नळ्या जिला जोडतात त्या यांत्रिक भागावरचा) आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावरचा क्रमांक एकच होता. मग त्याने कारखान्याच्या नोंदींवरून दिलेल्या पत्राची झेरॉक्स काढली. तोच क्रमांक, डी दर्जा (म्हणजे डीएच), 26 इंच, उघडा चोक. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा, उघडा म्हणजे तो जवळपास नाहीच. समोरच्या बंदुकीशी ते तंतोतंत जुळत होतं.

जुळणारच, कारण पत्र बंदुकीवर बेतून घेतलं होतं. पार्करच्या ऑर्डर आणि स्टॉकच्या वह्या बऱ्याच प्रमाणात टिकल्या आहेत आणि त्यांवरून पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशन असं पत्र देते. मी नंतर त्याच क्रमांकाचं पत्र माझ्या नावाने मागवलं. त्यात व्ही दर्जा (व्हीएच), 28 इंची नळ्या, एक नळी फुल चोक (सगळ्यात अरुंद) आणि दुसरी मॉडिफाइड (मध्यम). विक्रेत्याच्या झेरॉक्समध्ये फक्त या तीनच गोष्टी बदललेल्या होत्या. तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, दस्त्याचं माप सगळं खरं ठेवलं होतं. इतक्या काळजीने केलेलं काम पाहून मला राग आला, आजही येतो.

क्रमांक जुळणं या गोष्टीवर नवीन मंडळींचा फार विश्वास असतो. तो जुळला की एवढंच कळतं की हे भाग एकाच बंदुकीचे आहेत. ती बंदूक कुठल्या दर्जाची जन्मली, हे त्यातून कळत नाही.

पत्र आल्यावर बंदूक एका जाणत्या गनस्मिथकडे नेली. त्याने भिंगाखाली नळ्यांची तोंडं दाखवली. कारखान्यातून आलेल्या पार्करच्या नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या असतात. दोन इंच कापल्या की मध्ये फट पडते, ती इथे डाखाने बुजवून वर रंग दिलेला होता. चोक नळीच्या शेवटच्या काही इंचांतच असतो, त्यामुळे कापताना तोही गेला. म्हणूनच झेरॉक्समध्ये 'उघडा चोक' लिहावं लागलं. कोरीवकामाची रेघ धारदार आणि तिच्या शेजारची लोखंडाची कड झिजून गोल झालेली: शंभर वर्षं हाताळलेल्या वस्तूवर दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत. सगळ्यात वाईट भाग पुढे होता. आतून गंज घालवण्यासाठी नळ्या इतक्या घासल्या होत्या की एका जागी भिंत 0.020 इंचांपेक्षाही पातळ झाली होती. त्याने ही झाडू नका म्हणून बजावलं. डाव्या हाताच्या पंजाच्या जरा पुढे नळी फुटली तर काय होतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. फसवणाऱ्याने माझे पैसे घेतले हे एक. पण ज्या नळ्या आपण कापल्या, त्या कुणीतरी खांद्याला लावणार आहे याचीही त्याने पर्वा केली नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. फोन बंद. पावतीवर 'जुनी पार्कर, आहे तशी' एवढंच. एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांतल्या व्यवहाराला संघीय कायद्याने नोंद लागत नाही, आणि आमच्या राज्याचाही तसा नियम नाही. मेळाव्याच्या आयोजकांनी सांगितलं की ते फक्त टेबलं भाड्याने देतात. म्हणून पावतीवर क्रमांक, दर्जा, गेज, नळीची लांबी आणि 'नोंदींशी न जुळल्यास परत' हे शब्द लिहून घ्या. प्रामाणिक विक्रेता एका मिनिटात लिहून देतो. जो कुरकुरतो, त्याच्या टेबलापासून दूर व्हा. पत्र येईपर्यंत थांबायला तयार नसलेल्यालाही तोच नियम.

लिलावात माणूस पळून जात नाही, पण अटी वाचा. बहुतेक ठिकाणी माल 'आहे तसा' विकला जातो आणि बोलीवर खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतलं जातं. 20 टक्के किंवा त्याहून जास्त असू शकतं. कॅटलॉगमध्ये 'डी दर्जाची' आणि 'डी दर्जाची दिसते' यांत पैशाचा मोठा फरक आहे. लिलावाआधी माल पाहायला ठेवतात त्या दिवशी जा, नळ्या उतरवा, भिंतीची जाडी मोजायला सांगा. विंचेस्टरच्या जुन्या बंदुकांसाठी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाकडून नोंदीचं पत्र मिळतं, एल. सी. स्मिथसाठीही तिथेच विचारा. नोंदी सगळ्या क्रमांकांच्या नाहीत. नोंद नसेल तर किंमत साध्या दर्जाचीच द्या, विक्रेता काहीही म्हणो.

आपल्या मराठी मंडळांतल्या तरुणांना एक वेगळं सांगायचंय. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या वैध परवान्यासारखे काही मोजके अपवाद सोडून बंदूक घेणं आणि बाळगणं संघीय गुन्हा आहे. टेबलावरचा माणूस 'जुनी आहे, चालतं' म्हणेल. 1898 किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकांना संघीय कायदा वेगळं मानतो हे खरं, पण बहुतेक पार्कर दुनळ्या त्यानंतरच्या आहेत, आणि कारखान्याचं साल त्या माणसाच्या तोंडून घ्यायचं नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत नुसतं बघा, शिका.

माझी दुनळी आता भिंतीवर आहे, तिचे फायरिंग पिन काढून टाकलेत. खरं पत्र आणि बनावट झेरॉक्स दोन्ही तिच्या पेटीत ठेवलीत. माझ्या परिसरात कुणी 20 गेज डीएच पार्कर घेत असेल आणि विक्रेत्याने पत्राची झेरॉक्स पुढे केली असेल, तर पैसे देण्याआधी माझ्याकडे या. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुठे काय बदललंय ते दाखवतो.