पोरकेपणाची पंचेचाळीस मिनिटे: रामश्टाइनचा ‘मुटर’

‘मुटर’ म्हणजे आई. आपल्या ‘मातृ’ शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे, आणि बर्लिनच्या रामश्टाइन या बँडने एप्रिल २००१ मध्ये काढलेल्या तिसऱ्या अल्बमचे हेच नाव आहे. त्यांचे संगीत इंडस्ट्रियल मेटल या प्रकारात मोडते, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रासारखा एका मापात आदळणारा ठेका, खरखरीत गिटारी आणि त्यांना जोडलेले सिंथेसायझरचे सूर. एवढ्या वर्णनावरून पुष्कळ जण या संगीताच्या वाटेला जात नाहीत. माझे मत मात्र असे आहे की हा अल्बम गाण्यांचे शब्द हातात धरून, आरंभापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकला, तर त्यात गोंगाट फारसा उरत नाही. उरते ती अतिशय शिस्तीने मांडलेली पोरकेपणाची वेदना.

रामश्टाइनची स्थापना १९९४ मध्ये झाली. तेव्हाचेच सहा जण आजही बँडमध्ये आहेत आणि सगळे पूर्व जर्मनीत वाढलेले आहेत. ही गोष्ट पहिल्याच गाण्यात, ‘माइन हेर्त्स ब्रेन्ट’मध्ये, उपयोगी पडते. पूर्व जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी मुलांना झोपवायला वाळूवाला बाहुला येत असे, आणि त्याच्या तोंडचे ओळखीचे शब्द घेऊनच बँडचा गायक टिल लिंडेमान गाण्याला सुरुवात करतो. त्याने मुलांसाठी आणलेली भेट मात्र गोड झोपेची नाही, ती रात्रीच्या भयाची आहे. बाबेल्सबर्गच्या चित्रपट वाद्यवृंदाची तंतुवाद्ये आधी एकटीच वाजतात, आवाज जवळजवळ कुजबुजतो आणि मग दोन गिटारी एकदम खाली बसतात. हेडफोन लावून ऐकताना त्या क्षणी छातीवर खरोखर वजन आल्यासारखे वाटते.

लिंडेमानच्या उच्चारांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. जर्मन शिकताना आम्हाला ‘र’ घशातून काढायला शिकवले होते आणि मराठी जिभेला त्याचा फार त्रास होतो. लिंडेमान मात्र ‘र’ जिभेच्या टोकाने, आपल्यासारखाच ठणठणीत उच्चारतो, प्रत्येक व्यंजन तोडून स्वच्छ म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज गिळत नाही. त्यामुळे या संगीतात भाषा हेच एक तालवाद्य होते. ‘झोने’ या गाण्याच्या आरंभी तो आकडे मोजतो. त्यातले ‘आख्ट’ आणि ‘नॉयन’ कानावर पडले की जर्मनचा गंध नसलेल्या मराठी माणसालाही आपले आठ आणि नऊ ऐकू येतील. दहाच्या जागी मात्र ‘आउस’, म्हणजे ‘संपले’, असा शब्द येतो, कारण हे गाणे मुष्टियोद्धा व्हिटाली क्लिच्को याच्या रिंगणातील प्रवेशासाठी रचले गेले होते आणि ही मोजणी खाली पडलेल्या योद्ध्यासाठीची आहे. एवढे कळल्यावर तो ठेका निराळाच ऐकू येतो.

‘लिंक्स २ ३ ४’ हे गाणे म्हणजे एका आरोपाला दिलेले उत्तर आहे. १९९८ मध्ये बँडने एका व्हिडिओत नाझी राजवटीसाठी चित्रपट काढणाऱ्या लेनी रीफेनश्टालच्या ऑलिम्पिकपटातील दृश्ये वापरली आणि त्यांच्यावर उजव्या विचारांचा शिक्का बसला. ‘लिंक्स’ म्हणजे डावे. कवायतीतला डावा पाय आणि राजकारणातली डावी बाजू असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात खेळवून, आपले हृदय डावीकडे आहे, असे ते सांगतात. लष्करी बुटांच्या आवाजावर हे सांगणे मला धाडसाचे वाटते, जरी त्यामुळे काही श्रोत्यांचा गैरसमज वाढलाही असेल.

अल्बमचे हृदय मात्र शीर्षकगीतात आणि त्याला लागून येणाऱ्या ‘श्पीलऊअर’मध्ये आहे. शीर्षकगीतातील मूल कोणत्याही आईच्या पोटी जन्मलेले नाही, आणि त्याच्या पोटावर बेंबी नाही, एवढ्या एका तपशिलाने अंगावर काटा येतो. हळुवार छेडलेल्या गिटारीवर सुरू झालेले हे गाणे ‘मुटर’ या हाकेपर्यंत पोचते तेव्हा ती हाक रागाची आहे की विनवणीची, हे सांगता येत नाही. ‘श्पीलऊअर’मध्ये एकांत हवा म्हणून मेल्याचे सोंग घेतलेले मूल हातातल्या संगीतपेटीसह पुरले जाते. मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, जो आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखा दिवस आहे, जमिनीखालून तिचे सूर ऐकू येतात. मधला लहान मुलीचा आवाज ऐकताना मी दर वेळी हातातले काम थांबवतो.

‘त्स्विटर’ आणि ‘राइन राउस’ ही गाणी मला या दर्जाची वाटत नाहीत. ठेका पक्का आहे, पण आशय उथळ आहे आणि आधीच्या दोन गाण्यांनी निर्माण केलेली शांतता त्यांच्यामुळे मोडते.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. मुखपृष्ठावर जतन केलेल्या मृत अर्भकाचे छायाचित्र आहे, ते घरात सर्वांना सहन होईलच असे नाही. दुसरे म्हणजे शब्दांची पुस्तिका आत आहे ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. मला एका विक्रेत्याने पुस्तिकेविना सीडी पाठवली आणि तक्रार केल्यावर उत्तरही दिले नाही. कित्येक महिने मी हा अल्बम अर्धाच ऐकत होतो.

अकरावे, शेवटचे गाणे ‘नेबेल’ म्हणजे धुके, आणि आपले ‘नभ’ याच मुळातून आलेले आहे. समुद्रकाठी एक स्त्री आणि एक पुरुष उभे आहेत, ती मरणार आहे, आणि त्या शेवटच्या चुंबनाची त्याला आता आठवणही उरलेली नाही. चाळीस मिनिटे गर्जणारा लिंडेमानचा आवाज येथे अगदी खाली येतो.