हॅना एचआय ७१३ फॉस्फेट चेकर: उन्हाळ्यातल्या नदीला चालतो, पुरात फसवतो

मुठीत मावणारा, एका बटणावर चालणारा हा कलरीमीटर, म्हणजे रसायन टाकल्यावर पाण्याला येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेट मोजणारं यंत्र. मोजतो ०.०० ते २.५० पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) फॉस्फेट. अचूकता अधिक-उणे ०.०४ पीपीएम, वर रीडिंगच्या ४ टक्के. रंगपट्टीशी डोळ्यांनी ताडून बघायच्या किटपेक्षा हा कधीही बरा, कारण फिकट निळ्या रंगाच्या दोन छटांवरून तीन माणसांची तीन मतं होतात.

पद्धत सोपी आहे. क्युव्हेट, म्हणजे यंत्रात बसणारी छोटी काचेची बाटली, १० मिलि पाण्याने भरून, बाहेरून पुसून आत ठेवायची आणि बटण दाबून शून्य घ्यायचं. मग त्याच पाण्यात रीएजंटची (रंग आणणाऱ्या रसायनाची) एक पुडी टाकून पूर्ण विरघळेपर्यंत हलकेच हलवायचं, क्युव्हेट परत ठेवून बटण दाबून धरायचं. तीन मिनिटांची उलटी मोजणी संपली की आकडा येतो. जोरात हलवलं तर बुडबुडे काचेला चिकटतात आणि आकडा फुगतो. बोटांचे ठसे आणि ओरखडेही तेच करतात. क्युव्हेटवर एक खूण करून ती दोन्ही वेळा त्याच बाजूला ठेवावी.

खरी अडचण गाळाची. शून्य त्याच नमुन्यावर घेतल्यामुळे गढूळपणा आपोआप वजा होतो, असा समज असतो. तो अर्धाच खरा. शून्य घेतल्यापासून आकडा येईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. तेवढ्यात जाड कण तळाशी बसतात, पाणी निवळतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. शिवाय रीएजंट आम्लधर्मी असतो. त्यामुळे चिकणमातीच्या कणांचे पुंजके होतात आणि कणांना चिकटलेला थोडा फॉस्फरस सुटून पाण्यात येतो. एक चूक आकडा खाली ओढते, दुसरी वर, आणि किती ते सांगता येत नाही. म्हणून ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर हवाच. पहिले काही मिलि टाकून द्यावेत आणि शून्यही गाळलेल्या पाण्यावरच घ्यावं. पावसाळी पाण्यात हा फिल्टर लगेच तुंबतो. आधी ग्लास फायबरच्या कागदातून गाळून घेतलं तर निभतं.

पण गाळल्यावर हातात उरतो फक्त विरघळलेला ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे रीएजंटला थेट दिसणारा साधा फॉस्फेट. पुरात बराचसा फॉस्फरस विरघळून नव्हे, तर मातीच्या कणांवर बसून वाहतो. बेसॉल्टच्या काळ्या मातीत बारीक चिकणमाती आणि लोहाची ऑक्साइडं भरपूर, आणि दोन्ही फॉस्फेट धरून ठेवतात. त्यामुळे जुलैत भीमेला लाल-काळं पाणी आलेलं असताना हा चेकर ‘पाणी स्वच्छ’ म्हणाला तरी उजनी धरणाकडे जाणारा एकूण फॉस्फरस मोठा असू शकतो. तो गाळ धरणात बसतो. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस पुन्हा सुटतो आणि शैवाल, जलपर्णीला खुराक मिळतो. एकूण फॉस्फरस हवा असेल तर न गाळलेला नमुना परसल्फेट आणि आम्ल घालून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १२१ अंशांवर अर्धा तास पचवावा लागतो. ते काम प्रयोगशाळेचं.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र चित्र उलटं. प्रवाह कमी, गाळ कमी, नदीत मुख्यतः सांडपाणी. नाला मिळण्याच्या वर आणि खाली नमुने घेऊन फरक दाखवायला हे यंत्र उत्तम. थेट नाल्याच्या पाण्यात २.५० हा आकडा लुकलुकू लागतो, म्हणजे मर्यादा ओलांडली. मग डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ करून मोजावं आणि आकडा दहाने गुणावा.

आकडा फॉस्फेटचा आहे, फॉस्फरसचा नाही. फॉस्फरस हवा असेल तर ३.०७ ने भागावं. हे विसरून केलेल्या तुलना निरर्थक ठरतात. थेट धरणाला न मिळणाऱ्या प्रवाहांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये सुचवलेली ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही पातळी एकूण फॉस्फरसची आहे. ती फॉस्फेटमध्ये मांडली तर साधारण ०.३१ होते. आणि नुसत्या तीव्रतेवरून धरणात किती जातं ते कळत नाही, प्रवाहही मोजावा लागतो. सेकंदाला १० घनमीटर पाणी आणि लिटरला ०.३ मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणजे दिवसाला सुमारे २५९ किलो.

वरच्या खोऱ्यातल्या स्वच्छ ओढ्यांसाठी मात्र हा घेऊ नये. तिथला आकडाच ०.०४ च्या चुकीत बुडतो. त्यासाठी याच कंपनीचा एचआय ७३६ आहे, ० ते २०० पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) फॉस्फरस मोजणारा.

बाटल्या साबणाने धुऊ नयेत, त्यात फॉस्फेट असू शकतो. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि नंतर डिस्टिल्ड पाणी वापरावं. तपासणीचं द्रावण घरचं करता येतं: वाळवलेलं पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.४३३ ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे १००० पीपीएम. त्यातलं १ मिलि पुन्हा एका लिटरपर्यंत नेलं की १ पीपीएम. नवा पुड्यांचा डबा उघडला की आधी यावर ताडून बघावं. वापरलेल्या द्रावणात आम्ल आणि मॉलिब्डेनम असतं, ते काठावर ओतू नये. वेगळ्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळेत द्यावं.