टोकनचे अडीच हजार आणि त्यानंतरचे साडेबावीस

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कोकण किनाऱ्यावरच्या खोल्या कितीतरी आधीच भरतात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, तारकर्ली, कुठेही फोन लावा, उत्तर एकच: फुल्ल आहे. अशा वेळी चार दिवस आधी जागं झालेल्या जोडप्याला एक ठिकाण सापडतं. खोली शिल्लक आहे, समुद्र समोर आहे आणि भाव शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा कमी आहे. खोलीच्या बनावट बुकिंगची फसवणूक याच फटीतून आत येते.

समजा, बेत असा आहे. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा आणि संध्याकाळी दिवेआगर. रात्र तिथे काढून सकाळी आरावी-कोंडिवलीवरून समुद्राला बिलगून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर. पुढे बागमांडल्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवून पलीकडे वेसवी आणि तिथून वेळास, केळशी करत दापोली. सगळा प्रवास त्या एका रात्रीच्या खोलीवर टांगलेला असतो आणि समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं.

फोन नंबर मिळतो तो बहुतेकदा शोधयंत्रातल्या सगळ्यात वरच्या जाहिरातीतून किंवा गूगलच्या नकाशावरून. नकाशावरचा नंबर म्हणजे मालकाचाच, हे आपण गृहीत धरतो. पण ज्या ठिकाणाची नोंद मालकाने स्वतःच्या ताब्यात घेतलेली नाही, तिथे 'बदल सुचवा' म्हणत कोणीही नवा नंबर सुचवू शकतो आणि पुष्कळदा तो स्वीकारलाही जातो. म्हणजे घर खरं, फोटो खरे, चार वर्षांपूर्वीचे अभिप्राय खरे, फक्त फोन उचलणारा खोटा. हा प्रकार बनावट वेबसाइटपेक्षा ओळखायला अवघड, कारण पडताळायला गेलं की सगळं जुळतं.

पुढचा क्रम ठरलेला असतो. आकडे बदलतात, पायऱ्या बदलत नाहीत. खोली पाच हजारांची. निम्मे, म्हणजे अडीच हजार, टोकन म्हणून पाठवा. इथवर वावगं काही नाही. कोकणातले खरे मालकही सुट्टीच्या दिवसांसाठी आगाऊ घेतात आणि घ्यायलाच हवेत, नाहीतर लोक चार ठिकाणी खोल्या धरून ठेवतात आणि आयत्या वेळी फोनच उचलत नाहीत. टोकन गेलं की पाच मिनिटांत फोन येतो: "सर, सिस्टीममध्ये अर्धी रक्कम घेत नाही. उरलेले अडीच आत्ता टाका, म्हणजे व्हाउचर निघेल." टाकले. मग पाच हजारांची अनामत, चेक-आउटला परत मिळणारी. तीही भरली. काही ठिकाणी हिलाच 'जीएसटीसाठीची परत मिळणारी रक्कम' असं नाव असतं. खोलीवरचा जीएसटी भाड्याबरोबर बिलात लागतो. तो आधी वेगळा भरून नंतर परत मिळण्याची कुठलीही पद्धत नाही.

इथे जोडप्याला शंका येते. बुकिंग रद्द करा, पैसे परत द्या, असं ते म्हणतात. समोरचा चटकन कबूल होतो, आणि खरा घाव इथूनच सुरू होतो.

"तुमचा रिफंड लावतोय. फोन कट करू नका. ॲप उघडा, माझा क्यूआर स्कॅन करा. आता तिथे रिफंड कोड टाका: एक, चार, नऊ, नऊ, आठ. टाकला? आता पिन टाकून कन्फर्म करा." तो आकडे एकेक करून सांगतो, कारण 'चौदा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव' असं म्हटलं तर ती रक्कम आहे हे तत्काळ कळेल. ज्या चौकटीत कोड म्हणून हे पाच आकडे भरले जातात, ती रकमेची चौकट असते. तिच्या डावीकडे रुपयाचं बारीक चिन्हही असतं. पण कानाला फोन, स्पीकर चालू, शेजारी नवरा किंवा बायको "काय म्हणतोय?" असं विचारतेय, आणि मनात एकच गोष्ट: आधीचे दहा हजार सोडवायचे. पिन पडतो आणि ₹१४,९९८ जातात. टोकनच्या अडीच हजारांवर आणखी साडेबावीस हजार, एकूण ₹२४,९९८, तेही पाच हजारांच्या खोलीसाठी.

म्हणून एवढं लक्षात असू द्या: या फसवणुकीत टोकन हे आमिष असतं. मोठी रक्कम ते टोकन परत मिळवण्याच्या धडपडीत जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कोडही लागत नाही. देणारा स्वतःच्या ॲपमधून पाठवतो आणि आपल्याकडे नुसता संदेश येतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून 'पैसे मागण्याची' विनंती पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे आता सारा भर क्यूआर आणि 'कोड' यांवर आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर 'बुकिंग व्हाउचर' म्हणून येणारी फाइल. व्हाउचर पीडीएफ असतं किंवा साधा फोटो. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे. ते बसवलं की बँकेचे ओटीपीचे मेसेज परस्पर वाचले जाऊ शकतात. स्क्रीन शेअर करायला सांगणारं कोणतंही ॲप त्याच जातीचं.

आता टोकन पाठवण्याआधीच्या तपासणीबद्दल. मालकाची भाषा ऐकून ओळखू, या भरवशावर राहू नका. खऱ्या ठिकाणचा मॅनेजर हिंदी बोलणारा असू शकतो आणि ठग अस्सल मालवणी बोलू शकतो. फोटोंकडे मात्र नीट बघा. दिवेआगरचा किनारा लांबलचक, सपाट, घट्ट वाळूचा. मागे सुरूचं बन आणि केवड्याची झुडपं. बहुतेक घरगुती राहण्याच्या सोयी गावात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये आहेत, त्यामुळे 'बिछान्यावरून समुद्र' दाखवणारा फोटो इथे संशयास्पदच. पांढरीफेक वाळू, निळंशार पाणी आणि पाण्यात गुळगुळीत गोल धोंडे दिसले तर तो किनारा रायगड जिल्ह्यातला नव्हे. फोटोवर गूगल लेन्स फिरवलं की मूळ ठिकाण पुष्कळदा लगेच सापडतं.

मग प्रश्न विचारा, पण नकाशात बघून उत्तर देता येईल असे नकोत. 'रूपनारायणाचं देऊळ किती लांब?' याचं उत्तर कोणीही तिथल्या तिथे शोधून देईल. त्यापेक्षा प्रश्नातच चूक पेरा. "आम्ही रेल्वेने येतोय, दिवेआगर स्टेशनवर रिक्षा मिळेल ना?" खरा मालक हसेल आणि सांगेल की रेल्वे माणगावपर्यंतच, तिथून पुढे तासाभराहून जास्तीचा रस्ता आहे. खोटा म्हणेल, "हो सर, आमचा माणूस घ्यायला येईल." एवढं एक वाक्य पुरतं.

दुसरी खात्रीची तपासणी म्हणजे त्याच गावातल्या, फुल्ल असलेल्या दुसऱ्या घरगुती सोयीला फोन. "तुमच्याकडे नाही, ठीक आहे. पण अमुक नावाचं घर कुठल्या आळीत आहे, त्यांचा नंबर आहे का?" गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि खोली भरलेला माणूस खरं सांगायला मोकळा असतो. शिवाय व्हिडिओ कॉल मागा, पण 'आत्ता, या मिनिटाला', फाटकापासून खोलीपर्यंत चालत. संध्याकाळी करतो म्हणाला तर टोकनही संध्याकाळीच. किनाऱ्यावर रेंज खरोखरच दगा देते, हे मान्य. पण रेंज नसलेल्या माणसाकडून दर दोन मिनिटांनी पेमेंटची आठवण कशी काय येते?

पैसे पाठवताना ॲपमध्ये दिसणारं नाव वाचा. यूपीआयवर दिसतं ते खात्याचं बँकेतलं नाव, समोरच्याने ठेवलेलं नव्हे. घरगुती सोयीच्या मालकाचं खातं साधं बचत खातं असणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका. मात्र पाटीवर एक आडनाव, फोनवर दुसरं आणि खात्यावर तिसरं असेल तर थांबा. 'हे आमच्या अकाउंटंटचं खातं' हे उत्तर इतकं वापरून झालंय की ते ऐकताच फोन ठेवावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत. त्यांचं आरक्षण महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. 'महामंडळाचा एजंट' म्हणून कोणा व्यक्तीच्या खात्यात पैसे मागितले जात असतील तर तो एजंट नाही. अशा बनावट पर्यटन-बुकिंग साइट्सबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानेही एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता.

जोडप्यांच्या बाबतीत आणखी एक फास असतो. 'कपल आहात ना? दोघांचे आधार व्हॉट्सॲप करा, पोलिसांना द्यावे लागतात.' ओळखपत्र दाखवायचं ते पोचल्यावर, नोंदवहीसमोर. आधीच पाठवायची वेळ आलीच तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार पाठवा, ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. दोन सज्ञान माणसांनी लग्न न करता एका खोलीत राहायला कायद्याने बंदी नाही. म्हणून पुढे 'पोलीस केस टाळायची तर इतके पाठवा' असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा. नंबर ब्लॉक करायच्या आधी संवादाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ही ठगी उलट्या दिशेनेही चालते, हेही सांगायला हवं. 'लष्करातून बोलतोय, दहा जणांसाठी खोल्या हव्यात' म्हणत मालकांनाच क्यूआर पाठवणारे आहेत. काही जण 'चुकून वीस हजार गेले, अठरा परत करा' असं सांगून बँकेसारखा दिसणारा मेसेज पाठवतात, आणि तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. त्यामुळे एखादा मालक फोनवर तुटक बोलला, तुमचीच चौकशी करू लागला, तर राग मानू नका.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन त्या ठगाला करू नका. तो १९३० ला, सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला. हाताशी ठेवायच्या गोष्टी: प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, आपल्या बँकेचं नाव आणि समोरचा यूपीआय आयडी. चार व्यवहार झाले असतील तर चारही क्रमांक द्या, शेवटचा मोठा एकटा देऊन भागत नाही. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे गोठवण्याचा प्रयत्न होतो. पैसे तासाभरातच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकत असल्याने 'घरी गेल्यावर बघू' हे महागात पडतं. मिळालेला पावती क्रमांक जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसह तक्रार पुरी करा. स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवा. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं 'कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य' हे संरक्षण आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे बँक भरपाई देईल या आशेवर वेळ घालवू नका. पोलिसांत गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड खाली बसतो. घटना कुठे घडली यावरून कोणी परत पाठवत असेल तर शून्य क्रमांकाने गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. गोठवलेली रक्कम हाती यायला वेळ लागतो. मधल्या काळात 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंग फी भरा' असा फोन आला तर ती फसवणुकीची दुसरी फेरी आहे.

आणि फसवणूक कळली तीच मुळी रात्री साडेआठला, दिवेआगरच्या फाटकात उभं राहून, तर? फाटकातला माणूस खरा मालक असतो आणि त्याला तुमचं नावही माहीत नसतं. त्याच्यावर आवाज चढवून काही साधत नाही, उलट राहायची सोय लावून देऊ शकणारा तोच एक माणूस तिथे असतो. गावात काहीच नसेल तर बोर्ली पंचतन आणि श्रीवर्धनला विचारा, तिथेही नाही तर मागे म्हसळा, माणगाव. माणगाव महामार्गावर असल्याने तिथे साध्या लॉजमध्ये खोली मिळण्याची शक्यता जास्त. रात्री ताम्हिणी चढून परत जायचा विचार करू नका, पावसाळ्यात आणि धुक्यात तर मुळीच नाही.

निघण्याआधी त्या मालकाला नकाशावर त्याच्याच घराच्या नावाखाली लागलेला नंबर दाखवा. अनेकांना तो बदलल्याचं ठाऊकच नसतं. नोंदीतल्या 'या व्यवसायावर हक्क सांगा' या पर्यायातून ती ताब्यात घेता येते. ते होईपर्यंत तुम्ही स्वतः 'बदल सुचवा' वापरून फाटकावरच्या पाटीवरचा नंबर घाला, पाटीचा फोटो जोडा, आणि खोटा नंबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत कळवा.