एमएस-२० मिनीवर डग्गा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कॉर्गचा एमएस-२० मिनी हा सिंथेसायझर घेतला तेव्हा डोक्यात बेसलाइन (गाण्याखालची खर्जातली धून) होती. नऊ महिन्यांनंतर मी त्यावर जवळजवळ फक्त तालवाद्यांचे आवाज बनवतेय. आमच्या गटाच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत लागतं, आणि तयार सॅम्पल्स ऐकून कान विटले होते.

यंत्र मूळचं १९७८चं, ही छोटी आवृत्ती २०१३ची. दोन ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारे), हायपास (खालचे स्वर गाळणारा) आणि लोपास (वरचे स्वर गाळणारा) असे दोन फिल्टर, उजवीकडे केबल लावायचं पॅनल. आवाज साठवायची सोय नाही आणि एका वेळी एकच स्वर वाजतो. म्हणून ठोका जमला की लगेच रेकॉर्ड करायचा आणि नॉबचा फोटो काढायचा. पहिल्या महिन्यात मी फोटो काढत नव्हते. एक फार सुंदर टॉम (ड्रमसेटमधला घुमणारा ढोल) कायमचा गेला.

किक, म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ढोल, जमायला मला तीन आठवडे लागले. लोपासचा पीक (गाळण्याच्या सीमेजवळचे स्वर उठवणारा नॉब) पूर्ण वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टीसारखा गातो, आणि दुसऱ्या एन्व्हलपने (कळ दाबल्यावर चढ-उतार कसा व्हावा ते ठरवणारा भाग) कटऑफ, म्हणजे ती सीमा, खाली ओढला की ठोका तयार होतो. पण आवाजाची पातळीही तोच एन्व्हलप सांभाळतो. त्यामुळे स्वर आवाजाबरोबरच हळूहळू घसरतो आणि 'धप्'ऐवजी 'पिऊ' ऐकू येतं. मग मी स्वर पहिल्या एन्व्हलपकडे दिला: ट्रँगल वेव्ह, अटॅक (चढायला लागणारा वेळ) शून्य, रिलीज (कळ सोडल्यावर उतरायला लागणारा वेळ) अगदी छोटा. दुसऱ्या एन्व्हलपचा रिलीज लांब. कळीला फक्त टिचकी मारायची. स्वर झटकन कोसळतो, खालचा घुमारा मागे रेंगाळतो. नाटकात दारावर पडलेल्या थापेसाठी हाच आवाज वापरला.

आणि इथेच डग्गा आठवला. किकमध्ये स्वर वरून खाली येतो, तर डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगट पुढे दाबलं की तो खालून वर चढतो. लहानपणी नऊ वर्षं तबला शिकले, पण ही गोष्ट हाताला माहीत होती, डोक्याला नव्हती. पहिल्या एन्व्हलपला डिले, अटॅक आणि रिलीज असे तीनच नॉब आहेत, आणि हेच तर हवं होतं: आधी थाप, मग क्षणभर थांबून मनगटाची घसट. डिले थोडा, अटॅक थोडा जास्त, मूळ स्वर खर्जात. दुसऱ्या एन्व्हलपचा सस्टेन (कळ धरून ठेवल्यावर टिकणारी पातळी) शून्य. कळ मात्र शेवटपर्यंत दाबून धरायची. त्या रात्री हेडफोन लावून मी तासभर नुसता 'घे' ऐकत बसले होते.

ड्रमसेटमधल्या स्नेअर आणि हॅटमध्ये फार काही नाही: व्हाइट नॉइज (सूर नसलेला सूंऽ आवाज), हायपास वर, डीके (ठोक्यानंतर विरायचा वेळ) छोटा. टॉम जास्त रंगतो. साध्या गोल चामड्याचा दुसरा स्वर पहिल्याच्या सुमारे १.५९ पट असतो. म्हणजे पहिल्या ऑसिलेटरवर सा धरला तर दुसरा कोमल धैवताच्या आसपास लावायचा, आवाज जरा कमी ठेवून. लगेच 'सिंथ' जातो आणि कातडं येतं. रोलँडच्या १९८०च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधली काउबेल (घंटेसारखा ठोका) सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन चौकोनी लहरींवर उभी आहे. दुसरा ऑसिलेटर पंचमापेक्षा किंचित उतरता ठेवा, तीही होते.

तालवाद्य वाजवणाऱ्याने एक गोष्ट घेण्याआधी नक्की लक्षात घ्यावी: कळ हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. तबल्याची अर्धी भाषा वजनात असते. मी प्रत्येक बोल तीन पातळ्यांवर वेगळा रेकॉर्ड करते, दरवेळी फिल्टर थोडा कमी-जास्त उघडून, कारण हलक्या हाताचा बोल नुसता बारीक नसतो, कमी चमकदारही असतो. वेळ खूप जातो. मला तो वेळ आवडतो.

दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, अजून हाती लागलेला नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं होतं की आपल्या वाद्यांच्या पुडीवरच्या शाईमुळे (मधल्या काळ्या गोल लेपामुळे) वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत बसतात, म्हणून ती सुरात लागतात. तिथे १.५९चा हिशेब चालत नाही. सध्या दोन ऑसिलेटर बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर ठेवलेत आणि हायपासचा पीक थोडा वाढवलाय. 'तिं' जवळ आलाय. 'ना'मधली ती चाटेवरची (पुडीच्या कडेच्या पट्टीवरची) धार अजून येत नाही.